कृष्णेच्या पाण्यातले हार्मोन मोजा: सांगली, मिरज आणि कुपवाड महापालिकेला खुलं पत्र

माननीय आयुक्त आणि महापालिकेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एस्ट्राडिऑल, बीटा एचसीजी हे शब्द आमच्या टेबलावर दिवसभर असतात. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळे जत, कवठेमहांकाळपासून ते पार कर्नाटकातल्या अथणीपर्यंतचे पेशंट इथे येतात. त्यातल्या पाळीच्या तक्रारी घेऊन आलेल्या मुलींच्या आया रिपोर्ट हातात घेताना हमखास विचारतात, "ताई, हे पाण्यामुळं होतं का ओ?" कुणी दुधाचं नाव घेतं, कुणी द्राक्षावरच्या औषधाचं. या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर आधी आपल्या नळाच्या आणि नदीच्या पाण्यात हार्मोन किती आहेत ते कळायला हवं. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस 10500, 2012 साली सुधारलं गेलं. त्यात एस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, या गटातल्या एकाही हार्मोनची मर्यादा दिलेली नाही. त्यामुळे पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत तो रकानाच नसतो. तो रकाना आपल्या शहरापुरता तरी उघडावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आधी आकड्यांविषयी लिहिते, कारण "इतक्याशा प्रमाणानं काय होतंय" हेच पहिलं उत्तर मिळतं. आमच्या रिपोर्टवर एस्ट्राडिऑल, म्हणजे एस्ट्रोजेनमधलं मुख्य हार्मोन, पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहिलेलं असतं. नदीच्या पाण्यासाठी शास्त्रज्ञ नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) प्रति लिटर वापरतात. हिशेब केला तर दोन्ही एकच. धडधाकट पुरुषाच्या रक्तात हे हार्मोन साधारण 10 ते 40 च्या घरात असतं. म्हणजे शरीर मुळातच इतक्या बारीक मात्रेवर चालतं. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका लहान तलावात शास्त्रज्ञांनी 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे एथिनिलएस्ट्राडिऑल मुद्दाम सोडलं. गर्भनिरोधक गोळीतलं हे कृत्रिम एस्ट्रोजेन. पाण्यात प्रमाण ठेवलं होतं लिटरला फक्त 5 ते 6 नॅनोग्रॅम. तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाचे नर व्हायटेलोजेनिन तयार करू लागले. हे अंड्यातल्या बलकाचं प्रथिन, ते मादीच्या अंगात व्हायचं. काही नरांच्या वृषणात अंडपेशी दिसल्या. पुढे पिल्लंच होईनात आणि तो मासा त्या तलावातून जवळजवळ नाहीसा झाला. हार्मोन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मासे पुन्हा वाढले, ही त्यातली दिलाशाची बाजू.

आता आपल्याकडचा हिशेब करून बघा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनच्या एका गोळीत हे एथिनिलएस्ट्राडिऑल 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 30 हजार नॅनोग्रॅम असतं. ती एक गोळी सहा हजार लिटरच्या टँकरमध्ये पूर्ण विरघळवली, तर लिटरला 5 नॅनोग्रॅम भरतं. म्हणजे त्या तलावात होतं तेवढंच.

पण हा हिशेब वाचून कुणी गोळ्या घेणाऱ्या बायकांकडे बोट दाखवलं, तर मला ते मुळीच मान्य नाही. घेतलेली गोळी सगळीच्या सगळी बाहेर पडत नाही, आणि सांडपाण्यातल्या एकूण एस्ट्रोजेनमध्ये तिचा वाटा लहान असतो. मोठा वाटा नैसर्गिक हार्मोनचा. ते तुमच्या-माझ्या, बायकांच्या आणि पुरुषांच्याही लघवीतून रोज जातं. एरवी बाईच्या लघवीतून दिवसाला मायक्रोग्रॅममध्ये जाणारं एस्ट्रोजेन गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मिलिग्रॅममध्ये जातं, म्हणजे शेकडो पट. गाभण गाई-म्हशींचंही तेच. आपल्या जिल्ह्यात नदीकाठच्या गावागावांत दुधाचा धंदा आहे. गोठा धुतलेलं पाणी ओढ्याला लागतं आणि ओढा नदीला. चांगलं कुजवलेल्या शेणखतात हे हार्मोन बरंच मोडतं, पण कच्चं शेण-मूत पावसात वाहून गेलं की मोडायला त्याला वेळच मिळत नाही. गरोदर बाईनं किंवा गाभण म्हशीनं काय करावं, हा इथे प्रश्नच नाही. त्यांच्या अंगातून जे नैसर्गिकपणे बाहेर पडतं ते नदीपर्यंत जाऊ द्यायचं की नाही, हे गटारं आणि प्रक्रिया केंद्रं ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ठरवायचं असतं.

पुढची गोष्ट लोकांना फारशी माहीत नसते, आणि माझ्या मते या विषयातली हीच कळीची आहे. आपलं यकृत हार्मोन बाहेर टाकण्याआधी त्याला ग्लुकुरोनिक ॲसिडचा किंवा सल्फेटचा एक तुकडा जोडतं. तो जोडला की हार्मोन पाण्यात विरघळतं आणि निष्प्रभ होतं. लघवीतून बहुतेक असंच निष्प्रभ हार्मोन जातं. पण मैल्यात ई-कोलाय असतात, आणि त्यांच्याकडे ग्लुकुरोनिक ॲसिडचा तो तुकडा तोडणारं एन्झाइम असतं. गटारात, चेंबरमध्ये, नाल्यात मैला आणि मूत्र एकत्र सडत पुढे जातं तसतसं बांधलेलं हार्मोन सुटं होतं आणि पुन्हा कामाला लागतं. शरीरानं निष्प्रभ करून दिलेलं हार्मोन नाला पुन्हा जागं करून नदीत सोडतो. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याकडे या नजरेनं बघा. आपण त्याचा वास, रंग आणि फेस याबद्दल तक्रार करत आलो. नाकाला आणि डोळ्याला कळत नाही तेही त्याच पाण्यात असतं.

शेरीनाल्याचं सांडपाणी उपसून धुळगावच्या शेतीला नेण्याची योजना झाली, तिचं पुढे काय काय झालं हे या सभागृहाला मी सांगायला नको. हार्मोनपुरतं बोलायचं तर हवा खेळणाऱ्या जमिनीत ते काही दिवसांत मोडतात, त्यामुळे नीट प्रक्रिया करून शेतीला दिलेलं सांडपाणी नदीत सोडलेल्या सांडपाण्यापेक्षा केव्हाही बरं. पंप बंद पडतो, नाला भरून वाहतो आणि सगळं थेट कृष्णेत जातं, त्या दिवसांचा विचार व्हायला हवा. आणि ते दिवस उन्हाळ्यात आले तर जास्तच. कोयनेतून विसर्ग कमी झाला की नदीचं पात्र दगड दाखवायला लागतं, आणि नाल्याच्या पाण्यात मिसळायला नदीचं पाणीच उरत नाही. पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाची पातळी तासातासाला फूट-इंचात प्रत्येकाच्या मोबाइलवर येते. 2005 आणि 2019 नंतर ती शिस्त आपण अंगी बाणवली, आणि त्याबद्दल प्रशासनाचं कौतुकच आहे. मे महिन्यात त्याच पुलाखालच्या पाण्यात काय आहे, ते मात्र कुणाच्याच मोबाइलवर येत नाही.

सांगलीकरांना हा प्रश्न फक्त आपला वाटत असेल तर खालच्या बाजूला बघा. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे अंकली आणि मग मिरजेचा कृष्णाघाट. तिथून खाली म्हैसाळ योजना हेच पाणी उचलून कवठेमहांकाळ आणि जतच्या दुष्काळी गावांना देते. वरच्या बाजूला कराड, आणि नदीकाठची लहानमोठी गावं. कराडचं सांडपाणी सांगलीच्या वाट्याला येतं, सांगलीचं मिरजेच्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले 53 एकट्या महाराष्ट्रात, आणि त्यात कृष्णेचाही पट्टा होता. ती यादी बीओडीवरून केलेली. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, मिलिग्रॅममध्ये. हार्मोनचं काम त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्यात चालतं. त्यामुळे बीओडी चांगला आला म्हणून हार्मोन नाहीत, असा अर्थ निघत नाही.

आता नळाकडे वळते. आपल्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, वाळूचे फिल्टर आणि क्लोरीन हा क्रम असतो. गढूळपणा आणि जंतू यांच्यासाठी तो उत्तम, आणि काविळीच्या, गॅस्ट्रोच्या साथी त्यानंच अडतात, हे मी लॅबमध्ये बसून पुन्हा पुन्हा पाहते. पण विरघळलेलं हार्मोन तुरटीच्या गाळाबरोबर फारच थोडं खाली बसतं. क्लोरीन एस्ट्राडिऑलशी काही प्रमाणात प्रक्रिया करतो, पण त्यातून क्लोरीन चिकटलेले नवे पदार्थ होतात. पाणी उकळून उपयोग नाही. खऱ्या अर्थानं काम करतात ते ओझोन आणि सक्रिय कोळसा. घरचं आरओ हार्मोन बरंच अडवतं, पण ते ज्यांच्या घरी आहे त्यांच्यापुरतं, आणि अडवलेलं सगळं वाया जाणाऱ्या पाण्याबरोबर पुन्हा गटारात जातं.

मला भीती पसरवायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2012 मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या औषधांच्या अंशाबद्दल अहवाल काढला. सध्या सापडणाऱ्या प्रमाणात त्यांचा माणसाच्या तब्येतीवर परिणाम होण्याची शक्यता फारच कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. मुली लवकर वयात येणं, पीसीओडी, थायरॉइड यांची कारणं अनेक आहेत: वाढतं वजन, आहार, झोप, आनुवंशिकता. लॅबमध्ये कुणी विचारलं तर मी पाण्यावर सगळं ढकलत नाही, आणि तुम्हीही ढकलू नका. पण तो निष्कर्ष ज्या मोजण्यांवर उभा आहे त्या बहुतेक श्रीमंत देशांतल्या, जिथे सांडपाणी प्रक्रिया होऊनच नदीत जातं. कच्चा नाला ज्या नदीत पडतो तिथे तो जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि माशांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. इंग्लंडमध्ये सांडपाणी केंद्रांच्या तोंडाशी पिंजऱ्यात ठेवलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन सापडल्याचं 1994 मध्येच छापून आलं, आणि 1998 मध्ये तिथल्या नद्यांमधले अर्धे नर-अर्धे मादी मासे मोजले गेले. आपल्या कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा पंचनामे होतात, बातम्या होतात. हार्मोननं मासा मरत नाही. त्याला पिल्लं होत नाहीत, आणि त्याचा पंचनामा कधीच होत नाही. नदीवर पोट असलेल्या भोई कुटुंबांना विचारा, पूर्वी जाळ्यात काय यायचं आणि आता चिलापीशिवाय काय येतं. कारणं बरीच असतील. त्यातलं हे एक आहे का, ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

गावात फिरणारे दोन गैरसमज इथेच बाजूला करते, कारण त्यांच्यामुळे चर्चा भलतीकडे जाते. द्राक्षाला देतात ते जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, हे वनस्पतीचं हार्मोन. त्याचा आणि एस्ट्रोजेनचा काही संबंध नाही. आणि पान्हवण्यासाठी टोचतात त्या ऑक्सिटोसिनचा प्रकार जनावरावर अन्याय करणारा आहे, तो बंदच व्हायला हवा. पण ते प्रथिनासारखं असल्यानं पोटात पचून जातं, नदीतल्या या प्रश्नाचं ते मूळ नव्हे. खरी काळजी वेगळ्या औषधांची. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आपल्या बागांमध्ये सर्रास वापरतात. युरोपीय संघानं 2020 मध्ये त्याची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला, आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या कामात ते बिघाड करतं हे त्यामागचं एक कारण होतं. उसातलं तणनाशक ॲट्राझिन युरोपात भूजलात उतरतं म्हणून कधीच बंद झालं. बेडकांवरच्या त्याच्या परिणामांबद्दल शास्त्रज्ञांत मोठे वाद झाले, पण ॲट्राझिन आपल्याच आयएस 10500 च्या यादीत आहे. लिटरला 2 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. चारी बाजूंनी ऊस असलेल्या शहरात या एका पदार्थाचा अहवाल दरवर्षी लोकांसमोर यायला काय अडचण आहे? त्यासाठी कुठला नवा कायदा लागत नाही.

मोजायचं कुठे, यंत्रं कुठे आहेत, असं कुणी म्हणेल. याचं उत्तर तासगावच्या कोणत्याही निर्यातदार बागायतदाराला विचारा. आपलं द्राक्ष युरोपला जाण्याआधी त्याचा नमुना मान्यताप्राप्त लॅबमध्ये जातो आणि शेकडो औषधांचे अंश एलसी-एमएस-एमएस यंत्रावर तपासले जातात. पाण्यातलं एस्ट्रोजेनही त्याच जातीच्या यंत्रावर मोजतात. फरक इतकाच की आधी लिटरभर पाणी एका छोट्या गाळणीतून काढून त्यातलं हार्मोन गोळा करावं लागतं. पुण्यात मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, नागपूरला नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था आहे. माशांच्या रक्तातलं व्हायटेलोजेनिन तपासायला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे, आणि विलिंग्डन, वालचंदसारखी जुनी कॉलेजं तर शहरातच आहेत.

2010 चं वर्ष द्राक्षवाले विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपण सीसीसी म्हणतो ते वाढरोधक, युरोपच्या बंदरात द्राक्षात सापडलं. कंटेनर अडकले आणि बागायतदार कर्जात गेले. ते आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, म्हणून इथून निघताना कुणाला दिसलं नाही. नुकसान झाल्यावर ते यादीत आलं. हार्मोनचं आज नेमकं तसंच आहे. युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या द्राक्षासाठी आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी मिरजेच्या नळावर भांडं लावणाऱ्या बाईसाठीही घ्यावी, ही मागणी मला अवाजवी वाटत नाही.

युरोपीय संघानं जानेवारी 2022 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी देखरेखीची यादी केली, त्यात एस्ट्राडिऑलसाठी लिटरला 1 नॅनोग्रॅम हा आकडा ठेवला. ती मर्यादा नव्हे, लक्ष ठेवण्याची खूण आहे. आपणही तीच खूण धरून सुरुवात करू शकतो. स्वित्झर्लंड 2016 पासून निवडक सांडपाणी केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा टप्पा जोडत आहे. 2024 च्या युरोपीय सांडपाणी निर्देशात तर अशा जादा टप्प्याच्या खर्चातला किमान 80 टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी उचलायचा आहे. तेवढं मी आज मागत नाही.

मागणी अशी आहे. वर्षातून तीन वेळा, मे, ऑगस्ट आणि जानेवारीत, शेरीनाल्याच्या वर आणि खाली, हरिपूरला, कृष्णाघाटाला, आणि सांगली, मिरज, कुपवाड तिन्ही भागांतल्या एकेका नळाचं पाणी घ्यावं. त्यात एस्ट्रोन (हेही नैसर्गिक एस्ट्रोजेनच), एस्ट्राडिऑल, एथिनिलएस्ट्राडिऑल आणि ॲट्राझिन मोजावं. भिलवडीच्या आणि त्यावरच्या नमुन्यांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र द्यावं, कारण ती हद्द तुमची नाही. एस्ट्राडिऑलचे आकडे लिटरला 1 नॅनोग्रॅमच्या वर आले, तर पहिला उपाय सक्रिय कोळशाच्या पुडीचा. ती उन्हाळ्याच्या महिन्यांत आहे त्याच केंद्रात पाण्यात मिसळता येते, नवी इमारत लागत नाही. खरा उपाय मात्र सांडपाण्यावर. तिथे किती एमएलडीचं, म्हणजे रोज किती दशलक्ष लिटरचं, केंद्र बांधलं एवढंच विचारू नका, त्यातला जिवाणूंचा गाळ किती दिवसांचा ठेवतात तेही विचारा. तो दहा दिवसांहून जास्त राहिला आणि हवा पुरेशी दिली, तर नैसर्गिक एस्ट्रोजेनचा मोठा हिस्सा तिथेच मोडतो. वीजबिल वाचवण्यासाठी हवा देणारा ब्लोअर बंद ठेवला, तर केंद्र असून नसल्यासारखं.

दवाखान्यांच्या सांडपाण्याबद्दल 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत, पण लॅबमध्ये काय होतं ते मी सांगते. तपासून झालेली लघवी हायपोक्लोराइट घालून बेसिनमध्ये जाते. त्यानं जंतू मरतात. हार्मोन आणि कॅन्सरची औषधं काढणं हे त्याचं कामच नाही. एवढे दवाखाने असलेल्या मिरजेसाठी वेगळा विचार करावाच लागेल, आणि त्यासाठी दवाखान्यांशी भांडण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसावं. घरातली मुदत संपलेली औषधं परत घेण्याची योजना केरळनं 2025 मध्ये कोझिकोडपासून सुरू केली. आपल्याकडे केमिस्ट संघटना मजबूत आहे. दुकानात एक पेटी ठेवायला ते नाही म्हणणार नाहीत.

दरवर्षी 31 जुलैच्या आत आयुक्तांनी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो. या तपासणीचे आकडे त्यात, तारखेसह आणि ठिकाणासह, मराठीत छापले जावेत. पहिल्या वर्षी ते वाईट आले तरी छापावेत. नमुन्यांसाठी प्लास्टिकच्या बाटल्या चालणार नाहीत. तपकिरी काचेच्या, आधी मिथेनॉलनं धुतलेल्या बाटल्या हव्यात आणि त्या बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशीपर्यंत पुण्याला पोचायला हव्यात. घेणाऱ्यानं त्या सकाळी हाताला क्रीम लावलेलं नसावं. तुमच्या पाणीपुरवठा विभागातल्या मुलांना हे दाखवायला मी आणि माझ्या दोन सहकारी सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहोत, मानधन नको. स्थायी समितीनं अंदाजपत्रकात या कामासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडावं आणि पहिले नमुने येत्या मे महिन्यातच घ्यावेत, ही विनंती.

आपली नम्र,
मिरजेची एक लॅब टेक्निशियन